मूर्खाची पहिली मोटारसायकल

घरात पहिली मोटारसायकल घ्यायची ठरली, की शहाणी माणसं न बोलावता जमतात. मामा येतो, मामाच्या ओळखीचा मेकॅनिक येतो, वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा येतो. बोलणी तासभर चालतात आणि निकाल ठरलेला असतो: घ्यायची तर मोठीच घे, परत परत घेणं होत नाही. शंभर-सव्वाशे सीसी ही दूधवाल्याची गाडी. उंचापुऱ्या पोराला शोभत नाही. हायवेला लागलास तर ट्रकवालासुद्धा मागे टाकून जाईल.

आणि एखादा मुलगा असा निघतो, की हे सगळं मान डोलावत ऐकतो आणि आठवड्याने सव्वाशे सीसीची, कुणीतरी चार वर्षं वापरलेली गाडी घेऊन दारात उभा राहतो. गल्ली त्याच क्षणी त्याला मूर्ख ठरवते. हा लेख त्या मूर्खाच्या स्तुतीसाठी लिहिला आहे. त्याचा मूर्खपणा उथळ नाही, तो गाडी निवडण्यापासून थेट मागे कुणाला बसवायचं इथपर्यंत पोचतो, आणि ज्याला दुचाकीवर म्हातारं व्हायचं आहे त्याने तो नीट शिकून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

शोरूममध्ये शहाणा माणूस टाकीचा रंग बघतो, सायलेन्सरचा आवाज ऐकतो, टॉप स्पीड विचारतो. मूर्ख आधी गाडीवर बसतो. इंजिन बंद, साइड स्टँड वर, दोन्ही पाय जमिनीवर. टाचा टेकतात की नुसते चवडे, हे तो खाली वाकून बघतो. मग सेल्समनला बाजूला व्हायला सांगून गाडी पायांनी मागे ढकलतो, डावीकडे झुकवतो, परत सरळ करतो. सेल्समन शोरूमच्या काचेकडे बघत राहतो. १९९४ पासून आपल्या रस्त्यांवर असलेली स्प्लेंडर साधारण ११२ किलोची आहे, क्लासिक ३५० ही १९५ किलोच्या आसपास. सीटच्या उंचीत दोनच सेंटिमीटरचा फरक, पण वजनात ८० किलोंचा, म्हणजे एक चांगला धट्टाकट्टा माणूस जास्तीचा. नवख्याची गाडी पुष्कळदा वेगात नव्हे, उभ्या उभ्याच पडते: चढावरच्या सिग्नलला पाय खडीवर सरकतो, पार्किंगमधून काढताना तोल जातो. ११२ किलो तेव्हा गुडघ्याने सावरता येतात. १९५ किलो आपल्याच पायावर येतात.

ताकदीचंही तसंच आहे. स्प्लेंडरमध्ये जेमतेम आठ अश्वशक्ती. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी ३९० ड्यूक २०१३ साली आली ती चाळीसच्या वर अश्वशक्ती घेऊन. नवशिक्याचं मनगट अजून शिकलेलं नसतं. न रंगवलेल्या गतिरोधकावर गाडी उडाली की हात आपोआप मूठ घट्ट धरतो आणि धरता धरता पिळतो. आठ अश्वशक्तीची गाडी तेव्हा नुसती घुरघुरते. चाळीसची समोरच्या रिक्षाच्या मागच्या सीटवर जाऊन थांबते. मोठी गाडी वाईट असं मूर्ख म्हणत नाही. ती दोन वर्षांनी घेऊ असं तो म्हणतो, आणि या दोन वर्षांवर सगळे हसतात.

मामा लोकांचं ठरलेलं वाक्य असतं: "आम्ही तर आरएक्स हंड्रेडवर शिकलो, काय झालं आम्हाला?" १९८५ ते १९९६ या काळात निघालेली ती यामाहा खरोखर विलक्षण गाडी होती. ९८ सीसी, अकरा अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास, आणि मूठ पिळली की पुढचं चाक हलकं व्हायचं. पण तिच्यावर शिकता शिकता जे गेले, ते सल्ला द्यायला घरी येत नाहीत. येतात ते वाचलेले, आणि आपण वाचलो ते हुशारीने असंच प्रत्येकाला वाटतं. मूर्ख मुलगा मामाचा मान राखतो, चहा देतो आणि आपलं ठरलेलं मोडत नाही.

एका बाबतीत मात्र मूर्खानेही हात आखडता घेऊ नये. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं. सव्वाशे आणि त्याखालच्या गाड्यांना सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागणारी जोडणी, एवढी पुरेशी धरली गेली. सीबीएस चाक जाम होण्यापासून वाचवत नाही, एबीएस वाचवतं. ओल्या रस्त्यावर घाबरून पुढचा ब्रेक गच्च दाबला गेला, तर यातला फरक हाडांना कळतो. खिशाला परवडत असेल तर दीडशे-एकशे साठची साधी, भडक नसलेली एबीएसवाली गाडी घ्यावी आणि ती घेताना 'अजून दहा हजार टाकले असते तर ती मोठी आली असती' हे ऐकून घ्यावं.

जुनी गाडी घेतानाचा मूर्खपणा आणखी खोल असतो. शहाणा पॉलिश बघतो. मूर्ख खाली बसतो. पुढच्या शॉकअपवर तेलाची ओल आहे का बघतो. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचलतो आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवतो. मध्ये कुठे अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. चेन हाताने वर-खाली करतो. टायरच्या बाजूला लंबगोलात छापलेले चार आकडे वाचतो: २३२१ असं असेल तर टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी म्हातारं रबर कडक होतं आणि कडक रबर पावसात धरत नाही. शेवटी आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर अक्षर जुळवतो, बँकेचा बोजा उतरला आहे का ते बघतो. एवढ्या वेळात विकणाऱ्याने दोनदा घड्याळ बघितलेलं असतं.

आता पैसे. गाडी आली की शहाणा तिला सजवतो. क्रॅश गार्ड, डोळे दिपवणारे एलईडी, फटाके फोडणारा सायलेन्सर, आकडे वळवून 'दादा' लिहिलेली पाटी. आरसे काढून टाकतो, कारण त्यांनी लूक जातो. उरलेल्या तीनशे रुपयांत पुलाखालच्या पथारीवरून हेल्मेट घेतो, ते पोलिसांसाठी. मूर्ख गाडीच्या आधी हेल्मेट घेतो. गाडी यायला पंधरा दिवस असतात आणि हा घरात हेल्मेट घालून अर्धा तास बसतो. आई विचारते काय झालं. त्याला बघायचं असतं की अर्ध्या तासाने कपाळावर कुठे टोचतं. नवं हेल्मेट गालांना दाबलं पाहिजे, इतकं की बोलताना गालाचा आतला भाग दाताखाली यावा. पट्टी लावल्यावर हनुवटी आणि पट्टीच्या मध्ये दोन बोटं जावीत, तीन नाही. मग मागून कडेला धरून पुढे ओढायचं. डोक्यावरून निघालं, तर ते अपघातात तुमच्या आधी रस्त्यावर पडणार.

हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जो जाड थर असतो, खरं काम तो करतो. आदळल्यावर तो दबतो, आणि त्याच्या दबण्यात डोक्याला थांबायला क्षणाचा अंश जास्त मिळतो. एकदा दबला की परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत असलं तरी संपलेलं असतं, आणि मूर्ख ते टाकून नवं घेतो. आयएस ४१५१ या मानकाचा आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं जून २०२१ पासून देशात बेकायदा आहे. पथारीवरच्या टोपल्याही तो शिक्का मिरवतात. पण बोटाने आतला कपडा दाबून पाहिलं की थर आहे की नुसता स्पंज, हे लगेच कळतं.

हेल्मेटाविरुद्ध शहाण्यांनी जेवढी बुद्धी खर्च केली आहे तेवढी क्वचितच कशावर झाली असेल. पुण्यात तर त्यासाठी कृती समित्या झाल्या, मोर्चे निघाले. केस जातात, मान धरते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि सगळ्यात वजनदार मुद्दा: शहरात वेग असतोच कुठे? या मुद्द्याला उत्तर जुनं आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाच्या गटाने लॉस एंजेलिस भागातल्या नऊशे मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला आणि १९८१ साली तो प्रसिद्ध झाला. त्या अपघातांत धोका दिसण्याआधीचा मध्यम वेग होता ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास, आणि प्रत्यक्ष धडकेच्या वेळचा ३५. हा लक्ष्मी रोडवरचा नसला तरी कर्वे रोडवरचा वेग नक्कीच आहे. आणि वेग शून्य धरला तरी हिशेब सुटत नाही. दीड मीटर उंचीवरून डोकं खाली आलं तर ते जमिनीवर ताशी वीस किलोमीटरच्या जवळपास वेगाने आपटतं. त्याला गाडी चालू असावी लागत नाही.

जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट नसताना गेलेल्यांचा आकडा ५०,०२९. एवढ्या वस्तीची तालुक्याची गावं महाराष्ट्रात कितीतरी आहेत. या पन्नास हजारांतले कित्येक जण नुसतं कोपऱ्यावर जाऊन येतो म्हणून निघाले असतील.

अंगावरच्या बाकी कपड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. मूर्ख मे महिन्यातही हातमोजे घालतो, कारण पडताना माणूस आधी हात पुढे करतो. घोट्याच्या वर जाणारे बूट घालतो. चपलेवर गिअर टाकणाऱ्या शहाण्यांच्या जगात त्याला 'काय, लडाखला निघालास का?' हे रोज ऐकावं लागतं, आणि तो 'नाही, मंडईत' असं खरं उत्तर देतो.

लायसन्सचं प्रकरण त्याने अगदीच हास्यास्पद करून ठेवलेलं असतं. शहाणे एजंटकडे फोटो देतात आणि आरटीओच्या मैदानावर एकदा आठचा आकडा काढून येतात. मूर्खाला शिकाऊ लायसन्स मिळालं की तो खरोखरच शिकाऊ होतो. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावतो आणि पक्क्या परीक्षेआधीचे कायद्याने ठरवलेले किमान तीस दिवस वाया घालवत नाही. हर्टच्या अभ्यासात अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक आपापले किंवा घरच्या, मित्रांच्या हाताखाली शिकलेले होते, आणि निम्म्याहून जास्त लोकांना ती विशिष्ट गाडी हाती येऊन पाच महिनेही झाले नव्हते. चालवण्याचा एकूण अनुभव त्यांच्याकडे होता, त्या गाडीचा नव्हता. त्यामुळे मूर्ख पहिले पाच महिने स्वतःला नवखा समजतो, कितीही चालवली तरी.

आणि तो ब्रेक मारायला शिकतो. याबद्दल मला सविस्तर बोललं पाहिजे, कारण सगळ्या मूर्खपणात हा सर्वांत मोलाचा आहे.

रविवारी सकाळी एमआयडीसीतला रस्ता मोकळा असतो. कारखान्याची भिंत, पिवळी पडलेली बाभळीची पानं, एक कुत्रं. मूर्ख तिथे रस्त्याच्या कडेला एक वीट ठेवतो. वीस किलोमीटरच्या वेगाने येतो आणि विटेपाशी आल्यावर ब्रेक मारतो. गाडी थांबली की उतरून पावलं मोजतो. परत जातो, परत येतो. मग तीस, मग चाळीस. चहाच्या टपरीवरचा माणूस विचारतो, गाडीत काय बिघाड आहे का?

शहाण्यांचं शास्त्र सांगतं, पुढच्या ब्रेकला हात लावू नको, गाडी उलटते. म्हणून आपल्याकडे निम्मे लोक आयुष्यभर उजव्या पायाने गाडी थांबवतात. ब्रेक लागला की गाडीचं आणि चालवणाऱ्याचं वजन पुढच्या चाकावर येतं. पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो, मागचा हलका होतो. हलक्या झालेल्या चाकाला जोरात ब्रेक लावला की ते जाम होऊन घसरतं, आणि थांबवण्याची खरी ताकद जिथे आहे त्या पुढच्या चाकाला आपण हातही लावलेला नसतो. हर्टच्या अपघातांतही हेच सापडलं: मागचा ब्रेक जास्त, पुढचा कमी. कोरड्या डांबरावर साठच्या वेगाने चाललं असताना कुणीतरी आडवं आलं, तर कळून हात हलेपर्यंतच्या एका सेकंदात १७ मीटर जातात. त्यापुढे दोन्ही ब्रेक नीट लावले तर गाडी साधारण वीसेक मीटरमध्ये थांबते, नुसत्या मागच्यावर चाळीसच्या घरात जाते. मधले वीस मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या जवळजवळ दोन एसटी.

पुढचा ब्रेक झटका देऊन दाबायचा नाही, पिळायचा, ओल्या फडक्यातलं पाणी काढताना जसा जोर हळूहळू वाढवतो तसा. आधी थोडा, पुढचं टोक खाली बसलं की आणखी. हाताच्या बोटांना ही सवय लागायला अनेक रविवार जातात, आणि त्याला दुसरा उपाय नाही. प्रसंग आला की डोकं विचार करत बसत नाही, बोटं जे शिकली आहेत तेच करतात. वळणावर ब्रेक मारायचा नाही, वळणाआधी मारून घ्यायचा, हेही त्याच विटेभोवती कळतं. आणि वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं हे पुस्तकातलं गणित पावलांनी मोजल्यावर अंगात शिरतं. चाळीसला जो वीट ओलांडून पुढे गेला, तो ऐंशीच्या नादी सहसा लागत नाही.

त्याच मोकळ्या रस्त्यावर मूर्ख आणखी एक विचित्र गोष्ट शिकतो. चालत्या गाडीला उजवीकडे न्यायचं तर उजवी मूठ पुढे ढकलायची. ऐकणाऱ्याला उलटं वाटतं, पण सगळे दुचाकीवाले नकळत तेच करतात. ज्याला ते माहीत असतं त्याला अचानक आलेला खड्डा चुकवता येतो. ज्याला माहीत नसतं तो खड्ड्याकडे बघत राहतो आणि जिकडे नजर तिकडे गाडी या न्यायाने त्यातच जातो.

रस्त्यावर उतरल्यावर मूर्खाला सगळीकडे धोके दिसू लागतात. त्याला हळुबाई म्हणतात. पहिला पाऊस पडला की बाकीचे भिजायला बाहेर पडतात, आणि हा गाडी घरी ठेवतो किंवा निम्म्या वेगाने जातो, कारण उन्हाळाभर साचलेलं ऑइल आणि धूळ पहिल्या सरीत वर येते आणि रस्ता साबणासारखा होतो. झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्या, गटाराची लोखंडी झाकणं, पुलाचे पोलादी सांधे, मुंबईतले पेव्हर ब्लॉक, यांच्यावर तो ब्रेक मारत नाही, गाडी झुकवत नाही. कोकणात पावसाळ्यात सावलीतल्या वळणावर शेवाळ असणार हे तो धरूनच चालतो. घाटात वळणाच्या आतल्या बाजूला खडी येते, ती वळल्यावरच दिसते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला एक वेगळा अध्याय माहीत असायला हवा. गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर रस्त्यावर ट्रॅक्टर निघतात, मागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या. कितीकांच्या मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. समोरून अप्परवर एक गाडी येते, डोळे दिपतात, आणि ते दिपलेपण जाईपर्यंत ट्रॉली चाकाशी आलेली असते. मूर्ख या दिवसांत अंधार पडायच्या आत घरी पोचतो, आणि नाहीच जमलं तर वेग एवढा ठेवतो की दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता यावं. मागून हॉर्न वाजतात. तो कडेला घेतो आणि जाऊ देतो. ज्यांना घाई आहे त्यांना तो अडवत नाही, याची नोंद त्याच्यावर चिडणाऱ्यांनी घ्यावी.

चौकात त्याचा भित्रेपणा कळसाला जातो. हिरवा दिवा असूनही तो वेग कमी करतो, दोन बोटं ब्रेकवर ठेवतो. समोरून येणारी रिक्षा उजवीकडे वळणार हे तो गृहीत धरतो, तिने इंडिकेटर दिला असो वा नसो. रिक्षावाल्याने त्याच्याकडे थेट पाहिलं तरी त्याला आपण दिसलो असं तो मानत नाही. हर्टच्या अभ्यासात तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी झालेले होते आणि त्यांतला ठळक नमुना हाच: समोरचा आडवा वळला, आणि मोटारसायकल दिसलीच नाही असं म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. बारीक, एकदिव्याची वस्तू गर्दीत डोळ्यांतून सुटते. म्हणून एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप चालू राहतो. तेव्हापासून परोपकारी माणसं रस्त्याने पंजा उघडमीट करून 'लाइट चालू आहे' असं सांगत आली आहेत. मूर्ख प्रत्येकाला मान हलवून धन्यवाद देतो आणि दिवा तसाच ठेवतो. ट्रकच्या किंवा एसटीच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर ड्रायव्हरलाही आपण दिसत नाही, हे तो कधी विसरत नाही. डंपरच्या डाव्या बाजूच्या फटीत तो शिरत नाही, कितीही जागा दिसली तरी.

रविवारी मित्र ताम्हिणीला नाहीतर लोणावळ्याला निघतात. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे म्हणून लोणावळ्याला जुन्या हायवेने जातात. पुढच्याच्या हेल्मेटवर कॅमेरा असतो आणि मागच्यांना पुढच्याला गाठायचं असतं. मूर्ख शेवटी असतो, आपल्या वेगाने. घाटमाथ्यावर सगळे अर्धा तास थांबलेले असतात आणि त्याची थट्टा झडते. दुसऱ्याच्या वेगाने वळण घेणं हे पहिल्या वर्षात मरण्याचं सर्वांत सोपं कारण आहे, आणि त्या थट्टेच्या भीतीने कितीतरी पोरं आपल्याला न झेपणारा वेग गाठतात. ज्याला थट्टा सहन होते त्यालाच मी खरा गाडी चालवणारा म्हणतो.

दहावीचा निकाल लागला की काही घरांत पोराला गाडीच्या किल्ल्या देतात. एखादा मूर्ख बाप त्याला एसटीचा पास काढून देतो आणि अठरा पूर्ण होऊ दे म्हणतो. पोरगा आठवडाभर बोलत नाही, नातेवाईक बापाला कंजूष ठरवतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. मात्र बापाच्या हट्टामागे कायद्याची भीती कमी आणि पोराची काळजी जास्त असते.

राहिला मागे बसणारा माणूस. २०२२ च्या त्या ५०,०२९ माणसांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. त्यांनी वेग ठरवला नव्हता, ब्रेक त्यांच्या हातात नव्हता. मोटार वाहन नियमांनुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायला दांडा, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं आवरण लागतं, पदर-ओढणी चाकात जाऊ नये म्हणून. शहाणे शोरूममधून बाहेर पडताच साडीगार्ड काढून घेतात, गाडी बायकी दिसते म्हणे. मूर्खाच्या गाडीला ते असतं. बहीण बसली की तो ओढणी पुढे घेऊन खोचायला सांगतो. आईला एका अंगाने बसायची सवय असते. तो म्हणतो दोन्हीकडे पाय टाकून बस, ती नाही म्हणते, मग तो इतका हळू जातो की रिक्षाने आधी पोचली असती. तिघं बसायला आले की तो उतरतो आणि चालत निघतो.

आणि दुसरं हेल्मेट त्याच्याजवळ कायम असतं. हेल्मेट सक्तीचं करणारं मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम मागच्यालाही तेवढंच लागू आहे. मित्र म्हणतो कोपऱ्यावर तर जायचंय. मूर्ख हेल्मेट पुढे करतो आणि इंजिन चालू करत नाही. मित्र केस विस्कटतील म्हणतो, वास येतो म्हणतो, पट्टी लावत नाही. पट्टी लागल्याशिवाय गाडी हलत नाही. त्यामुळे त्याच्याकडे लिफ्ट मागणारे पहिल्या वर्षात कमी होतात. जे टिकतात, ते हळूहळू स्वतःचं हेल्मेट घेऊन येऊ लागतात.